करिंथच्या मंडळीची रखडलेली वर्गणी: ख्रिस्ती दानाच्या कर्तव्याविषयी एक प्रकरण अभ्यास

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) देण्याचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा बायबलमधील मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातली दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याची, वचने वाचली जातात आणि चर्चा तिथेच थांबते. मग दशांश हातात पडणाऱ्या पगारावर काढायचा की कपातीआधीच्या पगारावर, दुसऱ्या एखाद्या सेवाकार्याला दिलेले त्यात धरायचे की नाही, असे हिशेबाचे प्रश्न तेवढे उरतात. या लेखात मी दुसऱ्या वाटेने जाणार आहे. नव्या करारात एका मंडळीच्या देण्याचे प्रकरण जवळजवळ आरंभापासून अखेरपर्यंत नोंदलेले सापडते. यरुशलेमातील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी देण्याचे करिंथच्या मंडळीने कबूल केले, कामाला सुरुवातही केली, ते मध्येच रखडले आणि मंडळीचा संस्थापक प्रेषित पौल याला ते पुन्हा मार्गी लावावे लागले. हा सगळा काळ साधारण इ.स. ५४ ते ५७ चा. देणे हे कर्तव्य आहे का, असल्यास ते लोकांना कसे सांगावे आणि सांगणाऱ्याने स्वतःवर कोणती बंधने घालून घ्यावीत, या तिन्ही प्रश्नांवर या एका प्रकरणाइतका स्पष्ट प्रकाश मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

यरुशलेमातील गरज

क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत, इ.स. ४६ ते ४८ च्या सुमारास, यहूदीयात मोठा दुष्काळ पडला. इतिहासकार योसेफस सांगतो की अदियाबेनेची राणी हेलेना त्या वेळी यरुशलेमात होती आणि लोक अन्नावाचून मरत असलेले पाहून तिने मिसरातून धान्य व कुप्र बेटावरून सुके अंजीर विकत आणवून वाटले. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळाची पूर्वसूचना दिल्याचे आणि अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत गोळा करून ती बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती पाठवल्याचे प्रेषितांची कृत्ये ११:२७-३० मध्ये नोंदले आहे. म्हणजे करिंथच्या वर्गणीच्या बऱ्याच आधी पौलाने असे पैसे एकदा पोहोचते केले होते. यरुशलेममधील याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी त्याच्या विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, लोकांमधील कार्याला संमती देताना गरिबांची आठवण ठेवावी एवढेच सांगितले, आणि ते करायला आपण उत्सुकच होतो असे तो गलतीकरांस २:१० मध्ये लिहितो.

दुष्काळ सरला तरी गरिबी सरली नाही. मंडळीच्या पहिल्या दिवसांत ज्यांच्याकडे जमिनी व घरे होती त्यांनी ती विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले होते, त्यामुळे पुढच्या संकटात विकण्याजोगे त्यांच्याकडे फारसे उरले नसावे. त्यांच्या त्या उदारपणाला काही लोक आज अव्यवहारी ठरवतात. मला ते पटत नाही. ज्या मंडळीने आपले सर्वस्व वाटले, तिच्यावर पाळी आली तेव्हा इतर मंडळ्यांनी धावून जावे, हीच या प्रकरणातली पहिली हाक आहे.

करिंथची मंडळी कशी होती

रोमन सेनापती मुम्मियसने इ.स.पू. १४६ मध्ये जुने करिंथ उद्ध्वस्त केले, आणि इ.स.पू. ४४ मध्ये युलियस कैसराने त्याच जागी नवी रोमन वसाहत वसवली. पश्चिमेला लेखियोन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरे हाताशी असल्याने हे शहर व्यापारावर झपाट्याने वर आले. मुक्त झालेले गुलाम आणि त्यांचे वंशज तिथे पैसा कमावून मोठे होत, त्यामुळे आपण कोण आहोत हे दाखवण्याची हौस शहराच्या अंगी मुरलेली होती. पौल इ.स. ५० च्या सुमारास तिथे आला आणि दीड वर्ष राहिला. गल्लियो सुभेदार असतानाचा हा काळ डेल्फी येथील शिलालेखामुळे बराच नेमका ठरवता येतो.

मंडळीची घडण संमिश्र होती. तुमच्यात ज्ञानी, सामर्थ्यवान व कुलीन असे फार नाहीत, असे पौल १ करिंथ. (करिंथकरांस पहिले पत्र) १:२६ मध्ये म्हणतो, पण थोडे नक्कीच होते. रोमकरांस पत्राच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त आणि ज्याच्या घरी सगळी मंडळी जमत असे तो गायस यांची नावे येतात. दुसऱ्या टोकाला ज्यांना उद्देशून १ करिंथ. ७:२१ लिहिले आहे ते गुलाम होते. प्रभुभोजनाच्या वेळी ही दरी उघडी पडे. लवकर येऊ शकणारे आपापले जेवण उरकून घेत आणि काहीजण उपाशी राहत, इतके की पौलाने या प्रकाराला तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. वर्गणीचे प्रकरण समजून घेताना ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ज्या मंडळीत एका मेजावर बसणाऱ्यांना शेजाऱ्याची भूक दिसत नव्हती, तिच्याकडे समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या, वेगळ्या भाषेच्या आणि वेगळ्या चालीरीतींच्या लोकांसाठी पैसे मागितले जात होते.

आणखी एक बाब पुढे फार महत्त्वाची ठरली. पौलाने करिंथकरांकडून स्वतःसाठी काहीही घेतले नाही. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्यासोबत तो तंबू करण्याचा धंदा करून पोट भरत असे आणि कमी पडले तर मासेदोनियातील भावांनी त्याची गरज भागवली. सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा हा हक्क तो १ करिंथ. ९ मध्ये सविस्तर मांडतो, त्यासाठी मंदिरात सेवा करणाऱ्यांना मंदिरातले अन्न मिळते याचा दाखलाही देतो, आणि मग तो हक्क आपण बजावला नाही असे सांगतो. पाळकाचा पगार देणे हे मंडळीचे कर्तव्य नाही असा अर्थ यातून कोणी काढू नये. त्या अध्यायातला युक्तिवाद नेमका उलट आहे.

पहिली सूचना

१ करिंथ. १६:१-४ एवढ्या चार वचनांत वर्गणीची पूर्ण व्यवस्था येते. पौल तेव्हा इफिसात होता. गलतीयातील मंडळ्यांना सांगितले तेच तुम्हांलाही सांगतो, अशी सुरुवात करून तो म्हणतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला जसे यश मिळाले असेल त्या मानाने काही बाजूला काढून साठवून ठेवावे, म्हणजे आपण येऊ तेव्हा वर्गण्या गोळा करण्याची वेळ येणार नाही. मग तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्या हाती पत्रे देऊन आपण ते दान यरुशलेमास पाठवू, आणि आपणही जाणे योग्य वाटले तर ते आपल्याबरोबर येतील.

या सूचनेतला प्रत्येक तपशील थांबून पाहण्यासारखा आहे. आठवड्याचा पहिला दिवस तेव्हा सुट्टीचा नव्हता. तो कामाचाच दिवस होता आणि मजुराच्या हातात रोजची मजुरी पडे. वर्षाच्या शेवटी एकदम मोठी रक्कम देणे अशा माणसाला शक्यच नसते, पण आठवड्याला एक नाणे बाजूला ठेवणे त्याला जमते. सांगितलेले काम प्रत्येकाचे आहे, एरास्त आणि गायस यांच्यासारख्या मोजक्या आश्रयदात्यांचे नाही. त्या काळच्या शहरांत सार्वजनिक कामे श्रीमंतांच्या देणगीतून होत, देणगीदाराचे नाव दगडावर कोरले जाई आणि गरिबाने फक्त आभार मानायचे असत. इथे गुलामालाही दाता होण्याचा मान मिळाला. शिवाय पौल आपण येण्याआधी हे काम पूर्ण व्हावे असे सांगतो, म्हणजे त्याच्या वक्तृत्वाच्या भरात कोणाच्या खिशातून पैसे निघू नयेत. भावना तापवून, वाद्ये वाजवून, व्यासपीठावरून नावे पुकारून अर्पण घेण्याच्या ज्या पद्धती अलीकडे काही सभांत दिसतात, त्यांच्याशी ही सूचना ताडून पाहावी असे मला कळकळीने वाटते.

मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून चालत आलेली मूठभर तांदळाची रीत याच धर्तीची आहे. स्वयंपाक करताना घरातली बाई शिजवायच्या तांदळांतून एक मूठ मंडळीसाठी वेगळी ठेवते, तो तांदूळ पुढे गोळा होऊन विकला जातो आणि त्यातून सेवाकार्याचा मोठा खर्च चालतो. आपल्याकडे गावोगावच्या मंडळ्यांत हंगामाच्या सणाला धान्य, भाजीपाला, अंडी आणून उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, तेही ऐपतीप्रमाणे देणेच आहे. फरक इतकाच की ते वर्षातून एकदा होते, आणि करिंथला सांगितलेले रोजच्या जगण्यात मुरणारे होते.

काम का रखडले

सुरुवात उत्साहात झाली. गेल्या वर्षापासून तुम्ही हे करू लागला होता, आणि तेही इतरांच्या आधी इच्छेने, असे पौल नंतर २ करिंथ. ८:१० मध्ये आठवण करून देतो. मग मधल्या काळात मंडळी आणि पौल यांच्यात दुरावा आला. तो एकदा दुःखद भेटीसाठी येऊन गेला, त्यानंतर पुष्कळ अश्रू गाळत एक पत्र लिहिले, आणि आपला सहकारी तीत याला पाठवून उत्तराची वाट पाहताना त्याच्या जिवाला चैन नव्हते. बाहेरून आलेले काही उपदेशक मंडळीत वजन मिळवून बसले होते आणि ते मंडळीकडून पैसे घेत होते. पौल घेत नाही याचाच त्यांनी त्याच्याविरुद्ध उपयोग केला: जो मोबदला घेत नाही त्याच्या उपदेशाला किंमत काय, असा सूर निघू लागला.

त्याहून बोचरा आरोप २ करिंथ. १२:१६-१८ मध्ये डोकावतो. पौल स्वतः उघडपणे घेत नाही, पण यरुशलेमच्या वर्गणीच्या निमित्ताने आपल्या माणसांकरवी युक्तीने उकळतो, अशी कुजबुज होती. म्हणून तो विचारतो की मी पाठवलेल्यांपैकी कोणाकडून मी तुमचा फायदा घेतला, तीताने घेतला का? दीड वर्ष राबून ज्याने एक पैसा घेतला नाही, त्याला हे विचारावे लागले. गंमत म्हणून बोललेला एक संशय मंडळीत किती खोल जखम करतो हे ज्यांनी आपल्या गावच्या मंडळीत पाहिले आहे, त्यांना या वचनांतली वेदना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा रखडण्याचे मूळ कारण पैशाची टंचाई नव्हते. विश्वास तुटला होता, आणि ज्यांच्यासाठी द्यायचे त्यांच्याशी आपले काही नाते आहे हे मनात पुरते उतरलेले नव्हते.

पौलापुढे कोणते मार्ग होते

पहिला मार्ग अधिकाराने आज्ञा करण्याचा. तो मंडळीचा संस्थापक होता, प्रेषित होता, आणि इतर बाबतींत त्याने करिंथकरांना आज्ञा केल्याही आहेत.

दुसरा मार्ग दशांशाच्या नियमाचा. नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या परूशी पंथात वाढलेल्या पौलाला हा नियम आतून-बाहेरून ठाऊक होता. लेवीय २७:३० प्रमाणे भूमीच्या उत्पन्नाचा दहावा भाग परमेश्वराचा. गणना १८ प्रमाणे तो उपासनेच्या सेवेला नेमलेल्या, वतन नसलेल्या लेवी वंशाच्या निर्वाहासाठी आणि लेव्यांनी आपल्या वाट्याचा दहावा भाग याजकांना द्यायचा. अनुवाद १४ प्रमाणे तोच दशांश नेमलेल्या ठिकाणी जाऊन कुटुंबासह आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातच साठवून लेवी, परदेशी, पोरके आणि विधवा यांना पोटभर द्यायचा. दशांश न देणे म्हणजे देवाला लुटणे, हा मलाखीचा प्रसिद्ध आरोपही याच पार्श्वभूमीवर आहे. नहेम्या १३:१० मध्ये वाटे न मिळाल्याने लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे पळाल्याचे वर्णन वाचले की भांडार रिकामे राहिल्याने कोणाच्या पोटावर पाय आला होता ते दिसते.

तिसरा मार्ग मंदिराच्या अर्ध्या शेकेलचा. देशोदेशीचे यहूदी पुरुष दरवर्षी ठरलेली ही रक्कम यरुशलेमास पाठवत आणि रोमन सत्तेने त्यांच्या या हक्काला संरक्षण दिले होते. इ.स.पू. ६२ मध्ये आशिया प्रांताचा सुभेदार फ्लाक्कस याने असे सोने जप्त केले, त्यावरून पुढे खटला झाला आणि किकेरोने त्याचा बचाव केला. म्हणजे दूरच्या शहरांतून यरुशलेमास पैसे नेण्याची वहिवाट तयारच होती. विदेशी मंडळ्यांवर तसाच एक कर बसवणे अवघड नव्हते.

पौलाने यांतला एकही मार्ग धरला नाही. मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असे तो २ करिंथ. ८:८ मध्ये लिहितो. दहाव्या भागाचा उल्लेख या दोन अध्यायांत नाही आणि त्याच्या इतर पत्रांतही तो दशांशाची मागणी कुठे करत नाही. केवळ मौनावर मोठा सिद्धांत उभारू नये हे मला मान्य आहे. प्रभू येशूने मत्तय २३:२३ मध्ये परूश्यांच्या पुदिना, शेप व जिरे यांच्या दशांशाचा उल्लेख करून न्याय, दया व विश्वास या मोठ्या गोष्टी सोडल्याबद्दल त्यांना दोष दिला, पण ते करायचे होते व हेही सोडायचे नव्हते असेही म्हटले. अब्राहामाने मलकीसदेकाला दिलेला दहावा भाग तर नियमशास्त्राच्याही आधीचा. तरीही ज्या प्रसंगी दशांशाचे वचन सर्वांत जास्त उपयोगी पडले असते, नेमक्या त्याच प्रसंगी पौलाने ते उचलले नाही, ही वस्तुस्थिती टाळता येत नाही.

पौलाने काय लिहिले

२ करिंथ. ८ व ९ हे अध्याय मासेदोनियातून लिहिलेले आहेत. तीत चांगली बातमी घेऊन परतला होता, मंडळीने पश्चात्ताप केला होता, आणि आता थांबलेल्या कामाला हात घालता येणार होता.

पौल सुरुवात दुसऱ्या मंडळ्यांच्या हकिकतीपासून करतो. फिलिप्पै, थेस्सलनीका या भागांतले विश्वासणारे छळात आणि कमालीच्या दारिद्र्यात असताना त्यांनी शक्तीप्रमाणे, नव्हे शक्तीबाहेर दिले, आणि या सेवेत आम्हांला वाटा द्या अशी उलट त्यांनीच विनवणी केली. त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले, हे वाक्य त्या हकिकतीचा गाभा आहे. करिंथकर तुलनेने सुस्थितीत होते, तेव्हा ही गोष्ट ऐकून त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पौल चुरस लावतो आहे, हे खरे आहे, आणि ९:४ मध्ये तर मासेदोनियाचे लोक माझ्याबरोबर आले व तुम्ही तयार नसलात तर आपली सगळ्यांची लाज जाईल असेही तो मोकळेपणाने सांगतो. या दबावाबद्दल काही वाचकांना अवघडल्यासारखे वाटते. मला त्यात लपवाछपवी दिसत नाही. जे आधी स्वतःहून कबूल केले तेवढेच पूर्ण करा, असे तो म्हणतो, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणतो.

मग येते ८:९. आपला प्रभू येशू ख्रिस्त धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला, यासाठी की त्याच्या दारिद्र्याने तुम्ही धनवान व्हावे. संपूर्ण पत्रव्यवहारात देण्याचे मूळ कारण म्हणून पौलाने ठेवलेली गोष्ट ही आहे. नियम नाही, आशीर्वादाचे आमिषही नाही. ख्रिस्ताने जे केले त्याला जोडून असलेले हे वागणे आहे. यापुढे टक्केवारीचा प्रश्न आपोआप मागे पडतो, कारण ज्याने सर्व दिले त्याच्यासमोर दहावा भाग देऊन हिशेब पुरा झाला असे म्हणायला जीभ धजत नाही.

त्याच वेळी पौल गरीब माणसाचे ओझे हलके करतो, आणि हा भाग आपल्या उपदेशांत फार कमी ऐकू येतो. उत्सुकता असली तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही, असे ८:१२ सांगते. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओढाताण, असा यात हेतू नाही. आज तुमची विपुलता त्यांची गरज भागवील, उद्या त्यांची विपुलता तुमची. इथे तो रानात देवाने इस्राएलांना पुरवलेल्या मान्ना या अन्नाचा दाखला देतो: ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला काही जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला काही कमी पडले नाही. महिना दहा हजार रुपयांत चौघांचे घर चालवणाऱ्या विधवेच्या हजार रुपयांत मुलांची फी आणि औषध असते. दोन लाख कमावणाऱ्याच्या वीस हजारांत बहुधा त्याची चैनसुद्धा कमी होत नाही. दोघांना एकच दर लावला तर कागदावर समान दिसते, पण पौल ज्या समतेबद्दल लिहितो ती ही नव्हे. माझ्या मते दशांश हा सुस्थितीतल्या ख्रिस्ती माणसासाठी चांगला आरंभबिंदू आहे आणि तिथेच थांबण्यासाठी त्याचा आधार घेणे गैर आहे. आणि हातावर पोट असलेल्याला दशांश न दिल्याबद्दल मंडळीच्या सभेतील मतदानाचा हक्क नाकारणे, लग्नासाठी किंवा दफनासाठी अडवणूक करणे हे या दोन अध्यायांच्या सरळसरळ विरुद्ध जाते.

प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खिन्न मनाने किंवा भाग पडते म्हणून नव्हे, हे ९:७ सर्वांना पाठ असते. त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा “वाटले तर द्या” असा लावला जातो, आणि तो चुकीचा आहे. ठरवणे हे आधी विचार करून करायचे काम आहे, थैली समोर आल्यावर खिसे चाचपण्याचे नाही. शिवाय याच वर्गणीबद्दल रोमकरांस १५:२७ मध्ये पौल म्हणतो की अखया (करिंथ ज्यात आहे तो प्रांत) व मासेदोनिया यांना हे बरे वाटले खरे, पण ते यरुशलेमकरांचे ऋणीही आहेत. विदेशी लोक यरुशलेमकरांच्या आत्मिक गोष्टींत वाटेकरी झाले, तर ऐहिक गोष्टींनी त्यांची सेवा करणे त्यांचे कर्तव्य आहे. रक्कम ऐच्छिक आहे, ऋण ऐच्छिक नाही. कर्तव्य आणि मोकळीक या दोन गोष्टी पौलाच्या लेखणीतून एकाच वर्गणीबद्दल येतात, आणि त्यांतली एक गाळली की देणे एकतर कर बनते नाहीतर लहर.

९:६ मधील सढळ हाताने पेरणाऱ्याचे वचन वापरून देवाला शंभर द्या म्हणजे हजार मिळतील असे शिकवणारेही आज पुष्कळ आहेत. पुढची वचने वाचली तर पीक कसले ते कळते: प्रत्येक चांगल्या कामासाठी पुरेसे असणे, नीतिमत्त्वाचे फळ, गरिबांची गरज भागणे, आणि देवाची पुष्कळ उपकारस्तुती होणे. मासेदोनियाचे लोक शक्तीबाहेर देऊन श्रीमंत झाले असे पौल कुठेही म्हणत नाही.

पैसे कोणाच्या हाती

संशयाला पौलाने रागाने उत्तर दिले नाही, व्यवस्थेने दिले. तीताबरोबर तो आणखी दोन भाऊ पाठवतो. त्यांपैकी एकाची सुवार्तेच्या कामाबद्दल सर्व मंडळ्यांत वाहवा आहे आणि मंडळ्यांनीच त्याला या दानासाठी निवडलेले आहे. दुसऱ्याची पारख पुष्कळ बाबतींत पुष्कळदा झालेली आहे. या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करतो, असे ८:२०-२१ मध्ये लिहिले आहे.

“देव माझे अंतःकरण जाणतो” एवढे म्हणून पौलाला सुटता आले असते, आणि ते खरेही होते. त्याने तसे केले नाही. नाणी धातूची, प्रवास जहाजाचा आणि चोरांची भीती असलेल्या रस्त्यांचा, त्यामुळे सोबत माणसे हवीतच होती. पण ती त्याने स्वतः निवडली नाहीत, मंडळ्यांनी निवडली. महाराष्ट्रातील अनेक मंडळ्यांच्या मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत आणि त्यांच्या विश्वस्तांना तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावे लागतात. याकडे मंडळीचा कारभार पाहणारे काही पंच सरकारी कटकट म्हणून पाहतात. करिंथच्या प्रकरणात हीच दक्षता कोणत्याही सरकारने न सांगता घेतली गेली. थैली दोघांनी मिळून उघडणे, मोजलेल्या रकमेवर दोघांच्या सह्या, पाळकाच्या हाती रोकड न देणे आणि वार्षिक सभेत खर्चाचा प्रत्येक बाबीनुसार तपशील वाचणे, एवढे केले तरी देण्याबद्दलची निम्मी कुरकुर थांबते. जिथे हिशेब मागणाऱ्यालाच अविश्वासू ठरवले जाते, तिथे मलाखीचे वचन वाचून दाखवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही असे माझे ठाम मत आहे.

पुढे काय झाले

पौल ग्रीस देशात येऊन तीन महिने राहिला आणि बहुधा करिंथातूनच त्याने रोमकरांस पत्र लिहिले. त्यात मासेदोनियाबरोबर अखयानेही वर्गणी दिल्याचे तो नोंदतो. करिंथ हे अखयाचे मुख्य शहर, म्हणजे रखडलेले काम पूर्ण झाले. मात्र त्याच पत्रात तो रोमच्या विश्वासणाऱ्यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो की यहूदीयातील विरोधकांपासून आपली सुटका व्हावी आणि यरुशलेमची ही सेवा तेथील पवित्र जनांना मान्य व्हावी. विदेश्यांचे पैसे यरुशलेमची मंडळी स्वीकारील की नाही याची त्याला खात्री नव्हती. देणाऱ्यांची मने वळवल्यावर आता घेणाऱ्यांच्या मनाची चिंता होती.

समुद्रमार्गे जाण्याचा बेत त्याच्याविरुद्धच्या कटामुळे बदलावा लागला आणि तो मासेदोनियातून वळसा घालून निघाला. प्रेषितांची कृत्ये २०:४ मध्ये सोबत्यांची नावे येतात: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख व सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आशियाचे तुखिक व त्रफिम. हे आपापल्या मंडळ्यांचे दान घेऊन निघालेले प्रतिनिधी होते असे पुष्कळ अभ्यासक मानतात. करिंथचा कोणी त्या यादीत नाही, यावरून तर्कवितर्क झाले आहेत; पण रोमकरांस पत्रातली पौलाची स्वतःची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते.

यरुशलेमात भावांनी आनंदाने स्वागत केले, आणि लगेच पौलाबद्दलच्या अफवांची चर्चा निघाली. नवस केलेल्या चार माणसांचा खर्च त्याने उचलावा असे सुचवण्यात आले, तो त्यासाठी मंदिरात गेला, आणि तिथेच त्याला पकडण्यात आले. वर्गणी सुपूर्द केल्याचे दृश्य प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने लिहिलेले नाही. पुढे फेलिक्स सुभेदारासमोर पौल एवढेच म्हणतो की पुष्कळ वर्षांनी आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म आणि अर्पणे घेऊन आलो होतो. फेलिक्सने मात्र त्याला लाच मिळेल या आशेने दोन वर्षे अडकवून ठेवले.

वर्गणीचा एकूण आकडा या सगळ्या नोंदींत कुठेच सापडत नाही. एरास्ताने किती दिले, गायसाने किती, कोण्या गुलामाने किती, हेही नाही. वाहून नेणाऱ्यांपैकी अनेकांची नावे आहेत, त्यांना कोणी निवडले ते आहे, पैसे कसे जपले ते आहे. आपल्या वार्षिक अहवालांत बहुधा याच्या उलट असते: पानभर देणगीदार, नावापुढे रकमा, आणि खर्चाची बाजू दोन ओळींत आटोपलेली. या वर्षीचा अहवाल छपाईला देण्याआधी पंचांनी २ करिंथ. ८:१६-२४ एकत्र बसून वाचावे, आणि मग कोणते पान वाढवायचे व कोणते कमी करायचे ते ठरवावे.